सईस पत्र: झाड मोजताना

कॅरी, नॉर्थ कॅरोलायना

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे नुसतं मोजणंच चाललंय. घेर मोजा, उंची मोजा, पावलं मोजा आणि वहीत लिहा. मी जंगल शिकायला आले होते ना?" तू दमली होतीस, तुझ्या मागे गडबडही चालली होती, म्हणून तेव्हा मी काही बोलले नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तुझं मराठी वाचन अजून छान आहे. सावकाश वाच, एका बैठकीत संपवायची घाई नाही.

आधी एक लहान विषय उरकते. मंडळाच्या गणपतीत दोघीतिघींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सई कम्युनिटी कॉलेजला का गेली? मार्क कमी पडले का?" मी सांगितलं की तिला फॉरेस्ट टेक्निशियन व्हायचंय, आणि हेवूड कम्युनिटी कॉलेजमध्ये तो दोन वर्षांचा अभ्यासक्रम जंगलात उभं राहून शिकवतात. आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्याला एका क्रेडिटचे ७६ डॉलर पडतात, पूर्ण सत्राची ट्यूशन १,२१६ डॉलर. कर्ज नाही. हे मी अभिमानाने सांगितलं आणि पुन्हा कुणी विचारलं तर पुन्हा तसंच सांगेन. तुझ्यापर्यंत अशी कुजबुज आली तर ती मनावर घेऊ नकोस.

आता मोजण्याबद्दल.

तुला ब्रँडिस हे नाव एव्हाना भेटलं आहे का? डीट्रिख ब्रँडिस, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. १८५६ साली तो ब्रह्मदेशात पेगूच्या सागवानी जंगलांचा कारभार बघायला आला. किती साग उभा आहे, किती तोडला तर जंगल टिकेल, याचा कुणालाच पत्ता नव्हता. लाकडाचे व्यापारी म्हणत, साग संपणार नाही. ब्रँडिसने वाद घातला नाही, तो मोजायला निघाला. हत्तीवर बसून डोंगराच्या धारेने जायचं आणि दोन्ही बाजूंना दिसणारा प्रत्येक साग जाडीप्रमाणे नोंदायचा. त्या चढउतारात आणि पावसात कागदावर लिहिणं अशक्य. म्हणून त्याने हातात लाकडाच्या आणि बांबूच्या कांड्या धरल्या, जाडीच्या प्रत्येक वर्गाला एक कांडी, आणि एक झाड दिसलं की त्या कांडीवर चाकूने एक खाच. संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर खाचा मोजायच्या. वाढीचा वेग आणि झाडांची संख्या अशी जोडून त्याने ठरवलं की दरवर्षी किती जाड साग तोडावेत, म्हणजे मागून येणारे त्यांची जागा भरून काढतील. हिंदुस्थानातलं शास्त्रशुद्ध वनव्यवस्थापन त्या खाचांतून उभं राहिलं. पुढे १८६४ साली तो हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला, आणि १८७८ साली डेहराडूनला वनशाळा निघाली तीही त्याच्याच काळात.

हे सगळं तुला सांगण्याचं कारण तुझ्या अगदी जवळ आहे. निवृत्त होऊन ब्रँडिस बॉनला राहायला गेला. तिथे त्याला भेटायला एक अमेरिकन तरुण आला, गिफर्ड पिंशो. अमेरिकेत तेव्हा वनशास्त्र शिकायची सोय नव्हती. ब्रँडिसने त्याला वाट दाखवली, आणि तोच पिंशो १९०५ साली तुमच्या यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचा पहिला प्रमुख झाला. ॲशव्हिलजवळच्या व्हँडरबिल्ट या धनाढ्याच्या बिल्टमोर इस्टेटीत पिंशोच्या जागी वनाधिकारी हवा होता, तेव्हा ब्रँडिसने कार्ल शेंक हा आपल्या हाताखाली तयार झालेला जर्मन तरुण सुचवला. शेंक १८९५ साली आला आणि १८९८ साली त्याने पिस्गाच्या डोंगरात बिल्टमोर फॉरेस्ट स्कूल सुरू केलं, या देशातली पहिली वनशाळा. ती जागा तुझ्या कॉलेजपासून गाडीने तासाभरावर आहे. राली शहरातल्या ज्या शेंक फॉरेस्टमध्ये आपण रविवारी पाइनच्या झाडांखालून फिरायचो, ते याच शेंकच्या नावाचं.

आणि तुमच्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यात तुमच्या हातात दिलेली ती लाकडी काठी! डोळ्यापासून पंचवीस इंचांवर धरून खोडाला टेकवायची आणि व्यास वाचायचा. ती बिल्टमोर काठी याच शाळेतून आली. ब्रह्मदेशातल्या हत्तीवरच्या कांड्यांपासून तुझ्या हातातल्या काठीपर्यंत माणसांची सलग रांग आहे, सई, एकाने दुसऱ्याला शिकवलेली. हे मला वाचताना कळलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. आपल्याकडचा आणि इथला अभ्यास दोन वेगळी जगं आहेत असं मी समजत होते, आणि दोघांचा गुरू एकच निघाला.

शेंकची शाळा कशी चालायची तेही बघ. सकाळी वर्ग, दुपारी घोड्यावरून जंगलात. झाड पाडणं, ओंडके ओढून आणणं, करवतीच्या गिरणीत फळ्या काढणं, रस्ता आखणं, हे सगळं मुलं स्वतः करत. पिंशोला ही पद्धत पसंत नव्हती. त्याच्या घराण्याने १९०० साली येल विद्यापीठात पदवीधरांसाठी वनशाळा काढायला पैसा दिला. एका बाजूला हातांनी शिकणं, दुसऱ्या बाजूला विद्यापीठ. १९१३ साली बिल्टमोरची शाळा बंद पडली, येलची अजून आहे. म्हणजे मंडळात मला विचारलेला प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी याच डोंगरात विचारला गेला होता. माझं मत विचारशील तर दोन्ही लागतात, पण क्रम महत्त्वाचा. ज्याने चिखलात उभं राहून घेर मोजलेला नाही, त्याला दुसऱ्याने आणलेला आकडा किती खरा हे ओळखता येत नाही.

हे मी माझ्या कामावरून ठामपणे सांगते. तुला माहीत आहे, मी औषधांच्या चाचण्यांमधली माहिती तपासते. मोठमोठे डॉक्टर, संख्याशास्त्रज्ञ, सरकारी परवानग्या हे सगळं शेवटी एका नर्सने एका सकाळी एका रुग्णाचा रक्तदाब नीट मोजून लिहिला का, यावर उभं असतं. तो आकडा चुकला तर वर कितीही हुशार माणसं बसवा, चूक फक्त जास्त सुबक होते. आमच्याकडे म्हणूनच मूळ नोंदीला इतका मान आहे. तुझी वही म्हणजे जंगलाची मूळ नोंद.

या देशात १९२८ सालच्या कायद्यापासून जंगलांची राष्ट्रीय मोजदाद चालते. साधारण सहा हजार एकरांमागे एक प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी नमुना म्हणून निवडलेला तुकडा. प्रत्येक प्लॉटमध्ये चार वर्तुळं, प्रत्येकाची त्रिज्या चोवीस फूट. मी काल रात्री कागद घेऊन हिशोब केला. एक वर्तुळ एकराचा चोविसावा भाग, चारही मिळून एकराचा सहावा भाग. म्हणजे त्या प्लॉटमध्ये लिहिलेलं एक मोठं झाड एकरी सहा झाडांच्या जागी उभं राहतं, आणि सहा हजार एकरांवर ढोबळमानाने छत्तीस हजार झाडांच्या. तू दमून एक ओक वर्तुळाच्या बाहेर आहे असं समजून सोडून दिलास, तर छत्तीस हजार ओक कागदावरून गेले. तू हिकरीला ॲश लिहिलंस, तर तेवढेच ॲश उगवले. म्हणून तर त्यांची दुसरी तुकडी मागून जाऊन काही प्लॉट पुन्हा मोजते. उद्या तू त्या कामावर गेलीस तर तुझ्या मागेही कुणीतरी येईल. पण मला हवंय की मागे कुणी येणार नाही अशा दिवशीही तू रोडोडेंड्रॉनच्या जाळीत रांगत जाऊन ते शेवटचं खोड मोजावंस. पाऊस असेल, पायाखाली निसरडं असेल, सोबतचा म्हणेल, "लिही ना बारा इंच, काय फरक पडतो." फरक पडतो.

आजोबांची तुला फार आठवण नाही, तू लहान होतीस. ते आलापल्लीच्या जंगलात गार्ड होते. गडचिरोलीतला तो सागाचा पट्टा. तिथला सहा हेक्टरांचा जुन्या सागांचा राखीव तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, महाराष्ट्रातला पहिला. आजोबांची बीट म्हणजे त्यांच्या राखणीचा भाग, कूपाची म्हणजे तोडीच्या तुकड्याची आखणी, तोडीच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का, वणव्याच्या दिवसांत आग अडवणाऱ्या जाळरेषा साफ ठेवणं, या शब्दांत माझं लहानपण गेलं. त्यांच्या काठीवर साडेचार फुटांवर एक खूण होती. काठी झाडाशी उभी करायची, खुणेच्या उंचीवर टेप फिरवायचा आणि घेर वाचायचा. तुम्हीही साडेचार फुटांवरच मोजता ना? आपल्याकडे आता १.३७ मीटर म्हणतात, उंची तीच. फक्त तुमच्या टेपवर π ने (३.१४ ने) भागलेले आकडे छापलेले असतात, म्हणून घेराला गुंडाळलं तरी सरळ व्यास दिसतो. उतारावर असाल तर चढाच्या बाजूने उभं राहून मोजायचं, हा नियमही दोन्हीकडे एकच.

त्यांची आणखी एक रीत होती. मजूर टेप धरून मोठ्याने आकडा ओरडायचा. आजोबा तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचे आणि मगच लिहायचे. जंगलात वारा असतो, पाखरं असतात, ऐकण्यात साठ आणि आठ एक होतात. तुमच्या तुकडीत ही सवय नसेल तर तू सुरू कर.

तो मजूर तिथला माडिया आदिवासी असायचा. झाडाचं नाव त्याला आधी कळायचं, आजोबांना नंतर. सालीवर नखाने ओरखडा काढून, वास घेऊन तो सांगायचा. आजोबा ते मान्य करायचे आणि वहीत खात्याचं नाव लिहायचे. त्या वहीत नसलेली एक गोष्ट मला मोठेपणी समजली. ज्याला जंगल इतकं ठाऊक होतं, त्याचं त्या जंगलावर कागदोपत्री काहीच नव्हतं.

मोजण्याची ही दुसरी बाजू तुला कुणी परीक्षेत विचारणार नाही, म्हणून मी लिहिते. ब्रँडिस महानिरीक्षक असतानाच १८७८ साली हिंदुस्थानातल्या जंगलांवर कायदा आला आणि गावांची चराई, सरपण, मोहाची फुलं एका फटक्यात सरकारच्या मेहेरबानीवर गेली. ब्रँडिसचं स्वतःचं म्हणणं होतं की गावांना त्यांची त्यांची जंगलं द्यावीत. सरकारात बेडन-पॉवेल या दुसऱ्या अधिकाऱ्याचं मत चाललं, की सगळं सरकारचं. काही वर्षांतच जोतीराव फुल्यांनी लिहिलं की फॉरेस्ट खात्याने डोंगर, दऱ्या, कुरणं गिळल्यामुळे गरीब शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना जागा उरली नाही. १९३० साली उरणजवळ चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहाला उठले आणि गोळीबार झाला. गावांचा हक्क कायद्याच्या कागदावर यायला २००६ साल उजाडलं, आणि २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला त्यांचं जंगल मिळालं. आजोबांनी तो दिवस पाहायला हवा होता असं मला फार वाटतं.

तुझ्या कॉलेजच्या पश्चिमेला चेरोकी या इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती आहे. ते डोंगर सगळे त्यांचे होते. १८३८ साली त्यांतल्या बहुतेकांना सैनिकांच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे हाकललं, वाटेत हजारो मेले. जे मागे राहिले त्यांचे वारस आज तिथे आहेत. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि तिथली पालाभाजी तोडणंसुद्धा गुन्हा ठरला. २०१९ साली कुठे त्यांना सोचान नावाची पानं पारंपरिक पद्धतीने गोळा करायची परवानगी मिळाली. मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे ही बातमी मला परकी वाटली नाही. तू जिथे प्लॉट टाकशील तिथे कोण काय वेचतं, कुणाचं जाणंयेणं आहे, हे विचार. तुमच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसेल. स्वतःच्या वहीत लिही.

मोजून ठेवल्यामुळेच आपल्याला काय गेलं तेही कळतं. अमेरिकन चेस्टनटचं उदाहरण तुम्हाला शिकवतीलच. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात बुरशीचा रोग दिसला आणि पन्नासेक वर्षांत सुमारे चारशे कोटी झाडं गेली. मुळं अजून जिवंत आहेत, धुमारे फुटतात, मनगटाएवढे झाले की पुन्हा त्याच रोगाने मरतात. आता हेमलॉकला पांढऱ्या लोकरीसारखा दिसणारा जपानी कीटक लागलाय. तुमच्या ओढ्यांच्या काठावर फांद्यांच्या खालच्या बाजूला बघ. किती झाडं मेली, किती औषधाने वाचली, कुठल्या ओढ्यावर अजून सावली आहे, हे तुझ्या पिढीने लिहून ठेवायचंय.

हेलीन वादळाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. २०२४ च्या सप्टेंबरअखेरीस तुमच्या भागात पिजन नदी कशी चढली, आय-४० चा रस्ता खोऱ्यात कसा कोसळला, आपण टीव्हीसमोर बसून पाहिलं. राज्याच्या वनखात्याच्या अंदाजाने आठ लाख एकरांहून अधिक जंगलाचं नुकसान झालं. पडलेलं लाकूड वाळलं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये पोक परगण्यात त्यावरून वणवे धावले. मला वाटतं तू हा अभ्यास तेव्हाच पक्का केलास, बोलली नाहीस तरी. तिथल्या लोकांना आता कुठली झाडं काढायची, कुठली ठेवायची, कुठे पुन्हा लावायची हे सांगणारी माणसं हवी आहेत. तू त्यांतली एक होशील, याचा मला खूप आनंद आहे.

आणि भीतीही आहे, ती लपवत नाही. या देशात सर्वांत जास्त जीव जाणाऱ्या कामांमध्ये लाकूडतोड येते. म्हणून काही गोष्टी माझ्यासाठी पाळ. करवत हातात असेल तर पायांना चॅप्सचं संरक्षण, हेल्मेट, कानाला झाकणी, एकदाही सूट नाही. झाडाला हात लावण्याआधी वर बघ, वादळात तुटून अडकलेल्या फांद्या महिनोन्‌महिने तशाच लटकत राहतात. एकमेकांवर दाबून पडलेली खोडं मास्तर शेजारी उभे असल्याशिवाय कापू नकोस. एकटी जाऊ नकोस. दमलीस की करवत बंद कर आणि तसं स्पष्ट सांग, कुणी काही म्हणो. पिवळ्या गांधीलमाश्यांची पोळी जमिनीत असतात, आणि तुला लहानपणी माशी चावून सूज आली होती, म्हणून तुकडीतल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेव. संध्याकाळी गोचिडी तपास.

दोन वर्षांनंतर काय, हे आत्ता ठरवायचं नाही. नोकरी धरलीस तरी आम्ही खूश, रालीला एनसी स्टेटमध्ये पुढची पदवी घेतलीस तरी खूश. घराजवळ येशील म्हणून मी तिकडे ढकलणार नाही. तुझ्या बाबांचंही हेच मत आहे, मी त्यांना विचारूनच लिहिलंय. फक्त गणित आणि झाडांची लॅटिन नावं या दोन गोष्टी ढिल्या सोडू नकोस. कुठल्याही वाटेने गेलीस तरी त्या लागतील.

पुढच्या शनिवारी आम्ही सकाळी सहाला निघतो, म्हणजे साडेदहा-अकरापर्यंत पोचू. तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि तुझे लोकरीचे मोजे घेऊन येते. दुपारी आम्हाला एखादा प्लॉट दाखव. उतारावर चोवीस फूट मोजताना जमिनीवरून जाणारं अंतर धरत नाहीत, आडवं अंतर धरतात, एवढं मी वाचलंय, पण तिरक्या डोंगरावर ते प्रत्यक्षात कसं काढता हे मला समजलेलं नाही. बाबा टेपचं एक टोक धरतील. मी आकडा परत म्हणेन, तू लिही.

तुझी,
आई

ता. क. बुटांना तेल लावतेस ना? ओले बूट हीटरजवळ ठेवू नकोस, चामडं तडकतं.